मदत हवी आहे: घरून सॅम्पल चालणारी लॅब सुचवा (भोसरी-चिंचवड)

मुक्ता_भोसरी: कुणाला माहीत आहे का? ह्यांना लॅबमध्ये जायची लाज वाटते. मूल राहत नाहीये, तपासण्या चालू आहेत, माझं सगळं झालंय. सासूबाईंची रोज भुणभुण आहे, प्लीज लवकर सांगा.

तळजाईकर: रक्ताचं ना? कुठलीही लॅब घरी येते.

मुक्ता_भोसरी: रक्ताचं नाही हो. सीमेन, म्हणजे वीर्याचं.

स्नेहल_डी: वय? लग्नाला किती वर्षं? 'सगळं' म्हणजे काय काय?

मुक्ता_भोसरी: मी ३१, लग्नाला ४ वर्षं. थायरॉईड, सोनोग्राफी, एचएसजी म्हणजे ट्यूबचा एक्स-रे, सगळं नॉर्मल.

जुना_खडकीकर: रात्री दुधातून अश्वगंधा द्या. गुण येतोच.

स्नेहल_डी: काका, रिपोर्ट तरी येऊ द्या! मुक्ता, ट्यूब तपासायला तुला टेबलावर झोपवलं आणि चार वर्षांत त्यांची साधी डबीतली टेस्ट नाही? ती तर सुरुवातीलाच करतात.

कोथरूडची_मावशी: माझ्या भाचीला पीसीओडी होता, भात सोडला आणि वजन उतरलं.

लॅबवाला_पिंपरी: बऱ्याच लॅब घरचं घेतात, फोन करून विचारा. डबी लॅबचीच हवी. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध नको. सॅम्पल घ्यायला साधा कंडोम वापरू नका, त्यात शुक्राणू मरतात. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायची आणि तासाच्या आत पोचवायची. बर्फबिर्फ नको. नाशिक फाट्याला अडकलात तर मेहनत फुकट.

तळजाईकर: मेट्रोने जा की. फाट्याला स्टेशन आहे.

लॅबवाला_पिंपरी: अहो, स्टेशनपर्यंत जायलाच वेळ जातो.

स्नेहल_डी: ते कामाला कुठे आहेत?

मुक्ता_भोसरी: फोर्जिंगमध्ये, फर्नेसवर. दारू नाही. तंबाखू मळतात, पण ती तर सगळेच.

स्नेहल_डी: हे आधी सांगायचं ना! अंडकोष अंगापेक्षा २ ते ४ अंश थंड राहावे लागतात. भट्टीची धग आणि तंबाखू, दोन्हींनी शुक्राणूंचा काउंट आणि हालचाल खालावू शकते. डॉक्टरांना दोन्ही सांग. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आज पुडी सोडली तरी फरक तीन महिन्यांनी कळणार.

जुना_खडकीकर: आमचे वडील जन्मभर भट्टीवर होते. आम्ही सहा भावंडं.

स्नेहल_डी: काका, रिपोर्ट तुमच्या वडिलांचा काढायचा नाहीये.

मुक्ता_भोसरी: डबी आणायला मी एकटी गेले तर देतील का? ह्यांची नाईट आहे.

लॅबवाला_पिंपरी: देतील. त्यांचं नाव आणि वय सांगा.