मदत हवी आहे: अल्किलेशन युनिटमधील ॲसिडचा खप अचानक का वाढला असेल?

रिफायनरीकर: आमच्या सल्फ्युरिक ॲसिड अल्किलेशन युनिटमध्ये (येथे ॲसिडच्या साहाय्याने पेट्रोलमध्ये मिसळायचे अल्किलेट बनते) ताजे ॲसिड 98.5 टक्क्यांचेच येते, तरीही शेवटच्या सेटलरमधून (ॲसिड आणि तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून) बाहेर पडणाऱ्या ॲसिडची तीव्रता 90 टक्क्यांवर टिकत नाही; काल ती 88.4 होती. ताज्या ॲसिडची आवक वाढवली की एखादी पाळी बरी जाते आणि पुन्हा घसरण सुरू होते. अल्किलेटचा ऑक्टेन क्रमांक उतरला आहे आणि वापरलेल्या ॲसिडची टाकी भरत आली आहे. कृपया लवकर मार्गदर्शन करावे.

सेटलर: आयसोब्युटेन आणि ओलेफिन (ज्या दोघांच्या जोडणीतून अल्किलेट बनते) यांचे गुणोत्तर, रिॲक्टरचे तापमान आणि फीडचा स्रोत कळल्याशिवाय काय सांगणार? आयसोब्युटेन कमी पडले किंवा तापमान चढले, की ओलेफिनचे रेणू एकमेकांशीच जोडले जाऊन जड पॉलिमर बनतात आणि ते ॲसिडमध्ये विरघळून त्याची तीव्रता खाली आणतात.

रिफायनरीकर: गुणोत्तर 8 ला 1 आहे, तापमान 9 अंश सेल्सियस आहे आणि फीड नेहमीचेच, म्हणजे एफसीसी युनिटचे (जड तेल उत्प्रेरकाने फोडणाऱ्या युनिटचे) सी-फोर, चार कार्बनच्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. यात काही बदललेले नाही.

जुना_ऑपरेटर: माझ्या अनुभवात अशा वेळी दोष पाण्याचाच निघतो. टायट्रेशनमधून (ॲसिड मोजण्याच्या चाचणीतून) फक्त ॲसिडचा अंश कळतो; उरलेल्या भागात पाणी किती आणि विरघळलेले तेल किती, हे त्यातून समजत नाही. तीव्रता तेवढीच दिसली तरी पाण्याने पातळ झालेले ॲसिड अधिक निष्क्रिय असते, म्हणून फीडचा कोलेसर (फीडमधील पाणी वेगळे करणारे उपकरण) आधी तपासा.

सेटलर: पाणी तपासावेच, पण नुसत्या पाण्याने ॲसिड तांबूस होत नाही. धागाकर्त्यांनी रंग सांगावा.

नवे_तंत्र: मुळात सल्फ्युरिक ॲसिडचा हट्ट सोडावा, असे माझे मत आहे. सॉल्ट लेक सिटीच्या रिफायनरीत 2021 मध्ये आयनिक द्रवावर (द्रवरूप क्षारावर) चालणारे अल्किलेशन युनिट सुरू झाले आहे.

जुना_ऑपरेटर: टाकी आज भरते आहे, तिथे नव्या युनिटचा काय उपयोग? आणि कोणी सल्फ्युरिक ॲसिडऐवजी हायड्रोजन फ्लोराइड सुचवण्याआधी सांगतो, फिलाडेल्फियाच्या रिफायनरीतील तशा युनिटला 21 जून 2019 रोजी लागलेली आग विसरू नये.

रिफायनरीकर: रंग गडद तांबूस आहे. उत्प्रेरक बदलण्यासाठी फीडचा निवडक हायड्रोजनेशन रिॲक्टर सध्या बाजूला ठेवला आहे, मात्र त्याचा ॲसिडशी थेट संबंध नसावा.

सेटलर: थेट संबंध आहे, आणि हे पहिल्याच संदेशात यायला हवे होते. तो रिॲक्टर फीडमधील ब्युटाडाईन या नको असलेल्या घटकाचे ब्युटीन, म्हणजे हवे असलेले ओलेफिन करतो. तो बंद असताना ब्युटाडाईन तसेच पुढे जाते, त्यातून ॲसिडमध्ये विरघळणारे तेल तयार होते आणि एक किलो ब्युटाडाईनमागे दहा किलोंहून अधिक ॲसिड वाया जाते. तीव्रता 85–87 टक्क्यांच्या खाली गेली, तर पॉलिमर बनण्याची क्रियाच वरचढ होते आणि मग घसरण आवरत नाही. म्हणून आत्ताच ओलेफिनचे फीड कमी करावे, आयसोब्युटेनचे अभिसरण आणि ताज्या ॲसिडची आवक मात्र चालू ठेवावी.

जुना_ऑपरेटर: हे मला पटते, तरी पाण्याची चाचणी टाळू नये. दोन्ही कारणे एकत्रही असू शकतात.

रिफायनरीकर: ओलेफिनचे फीड कमी करण्यास सांगितले आहे. फीडमधील ब्युटाडाईन आणि ॲसिडमधील पाणी, दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत दिले आहेत. आकडे येताच येथे लिहितो.