लिहून लिहून थकलात तेव्हा काय केलंत? अनुभव सांगा

शाईचा डाग
कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत घराजवळ तालीम आहे. काल दुपारी तिथून येताना आत बघितलं, सकाळची मेहनत झालेली पोरं गाढ झोपली होती. वस्ताद दारात बसून गल्लीतल्या दंगा करणाऱ्या बारक्यांना हाकलत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. दिवाळी अंकाचे संपादक. "कथा कुठवर आली?"

आणि ते जुनं वर्ष आठवलं. नोकरी, साप्ताहिक सदर, वर चार ठिकाणी कथा कबूल केलेल्या. अंक दिवाळीला येतो, पण मजकूर ऑगस्टच्या आसपास द्यावा लागतो, म्हणजे ऐन पावसाळ्यात सगळं अंगावर. श्रावणात अशी वेळ आली की फाईल उघडली की पोटात गोळा यायचा. दुसऱ्याचं चांगलं लिखाणसुद्धा वाचवेना. घरातली प्रेमानंच म्हणायची, "बसूनच तर असतोयस, दमायला काय झालं?" ते फार लागायचं. पैलवानाच्या झोपेला कोल्हापुरात कुणी आळस म्हणत नाही, तो मेहनतीचाच भाग. लिहिणाऱ्याच्या विश्रांतीला तो मान का नाही?

त्यानंतर मी कबूल करतानाच कमी कबूल करतो. एक कथा झाली की काही दिवस फक्त वाचन, तेही परीक्षणासाठी नाही. तुम्ही काय केलंत ते सांगा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

नाईट डेस्क
पेपरात आहे. रात्री पान छपाईला सोडून घरी आलो की स्वतःची कादंबरी काढून बसायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या बातम्यांची वाक्यं नीट करायची आणि पहाटे स्वतःचं वाक्य सुचायची वाट बघायची. झोप गेली, मग भूक गेली, मग बायकोशी बोलणं गेलं. आता कादंबरी फक्त साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी, वहीत, हातानं. फोन दुसऱ्या खोलीत. ड्यूटी सुटली की गंगावेशीत थांबून म्हशीचं दूध पितो आणि सरळ झोपतो. कादंबरी हळू चाललीय, पण चाललीय.

भुदरगडचा
गंगावेशीत दूध रात्री कितीपर्यंत मिळतं ओ आता? लई दिवसांत आलो नाही शहरात.

अनुवादाची वही
शब्दावर पैसे मिळतात आम्हाला. त्यामुळं उठून पाय मोकळे केले तरी मनात हिशेब चालू, एवढे शब्द गेले. उजव्या हाताची बोटं रात्री मुंग्या येऊन जागी करायला लागली. डॉक्टर म्हणाले मनगटातली नस दबतेय. रात्री पट्टा, टेबलाची उंची बदलली, आणि पहिला खर्डा बोलून टाईप करायला लागले. मराठी बोललेलं बऱ्यापैकी उतरतं फोनवर, जोडाक्षरं तपासावी लागतात. आधी वाटायचं बोलून लिहिलेलं ते काय लिखाण. मग विद्यापीठातलं वि. स. खांडेकरांचं संग्रहालय बघायला गेले. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती, तरी ते सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचे. त्या दिवसापासून मनातली अढी गेली.

रंकाळ्याची डॉक्टर
पेशंट बघताबघता लिहितेय, तुटक वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवलाय. तीन खुणा: शक्ती संपल्यासारखं वाटणं, त्या कामाबद्दलच मन कडू होणं, आणि आपल्या हातून धड होत नाही असं वाटणं. शाईचा डाग यांनी दुसऱ्याचं चांगलं वाचवेना म्हटलंय, ती दुसरी खूण.
डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा. पण सगळ्यातच रस गेला असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर त्याला नुसता लिखाणाचा थकवा समजू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

शाईचा डाग
मनापासून आभार डॉक्टर. नंबर वहीत लिहून ठेवला.

संवाद पटकथा
रोजची मालिका लिहायचो. आधी तयार ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की आज लिहिलेलं उद्या शूट. वडील आयसीयूत होते आणि मी बाहेरच्या बाकड्यावर सासू-सुनेचं भांडण लिहीत होतो. "तेवढा एक सीन पाठवा" म्हणून फोन. वडील गेले त्या आठवड्यातपण लिहिलं. पुढं एक दिवस कुठलंच पात्र बोलेना. डोक्यात नुसती शांतता. काम सोडलं, राधानगरीकडं मामाच्या गावाला गेलो. ऊसतोड चालू होती, गुऱ्हाळावर बसायचो, काहीच करायचो नाही. पात्रं परत बोलायला लागायला बरेच महिने गेले. आता लिहितो, पण रोजची मालिका नाही. कुणी कितीही पैसे देऊ दे.

नाईट डेस्क
वाचून हात थांबला दादा. वडिलांबद्दल वाईट वाटलं. भेटूया कधी.

तीन ते चार
कुकरची शिट्टी होईपर्यंत लिहिते. मी घर सांभाळून कथा लिहिते, दुपारी तीन ते चार. बाकी सगळा वेळ दुसऱ्यांचा. आधी तोही तास कुणी ना कुणी खायचं. बेल, कुरियर, शेजारच्या काकू. वर्षभर अशीच चिडचिड करत लिहिलं आणि पित्त वाढवून घेतलं. शेवटी सासूबाईंना सगळं सांगितलं, रडलेच. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता भाजी निवडायचं ताट घेऊन दारात बसतात. कोण आलं की, "सूनबाई लिवायला बसलीया, चारला या." त्यांना वाचता येत नाही फारसं. कथा छापून आली की मी वाचून दाखवते.
शिट्टी झाली. येते.

भुदरगडचा
ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. डोळ्यात पाणी आलं.

अनुवादाची वही
माझापण सांगा 🙏

पुरातली वही
२०१९ च्या पुरात आमचं तळघर गेलं. त्यात माझ्या कवितांच्या वह्या. लोकं म्हणायची परत लिही, आठवून लिही, तू कवी आहेस. ते ऐकून ऐकून जास्त दमलो. घरातला चिखल काढायचा, विम्याची कागदं करायची, की कविता आठवायच्या? मी लिहायचं बंद केलं आणि तसं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन नुसतं वाचायचो. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, तिथं गेलं की कुणी विचारत नाही सध्या काय लिहिताय. नवीन कविता आली ती पुराची नव्हती, आमच्या मांजराची होती.

पुडा पाठवतो
लिहून कमी दमलो, मानधन मागून जास्त. "अंक पाठवतो की" म्हणतात. आता आधी रक्कम विचारतो, मग विषय. झोप सुधारली.

अंक जुळवणारी
मी दुसऱ्या बाजूची, छोटा दिवाळी अंक काढते. मानधन कमी देतो पण देतो. एक सांगते मनापासून: जमत नसेल तर जूनमध्ये सांगा. मुदत वाढवून मागणाऱ्या लेखकाचा त्रास होत नाही, आम्ही पानं त्या हिशेबानं ठेवतो. फोन बंद करून बसलेल्या लेखकाची मात्र काळजी लागते, बरा आहे ना म्हणून. मजकूर नाही दिला तरी चालेल, एक मेसेज टाका.

शाईचा डाग
ताई, हे वाचून लगेच कालच्या संपादकांना फोन केला. तीन आठवडे जादा मागितले. "घ्या की," म्हणाले.

भुदरगडचा
दुधाचं राहिलंच. आणि तो मनगटाचा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो का? माझीपण बोटं झोपतात रात्री.

अनुवादाची वही
मिळतो, पण आधी हात दाखवून घ्या, साईज आणि किती तास बांधायचा ते डॉक्टरच सांगतील.

नाईट डेस्क
आज रात्री तिकडून जाताना विचारतो भावा, उद्या सांगतो दुधाचं.