पंपाच्या थरथरीमुळे बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन बंध लवकर तुटतो का?

प्रश्न:
एएफएमवर (सूक्ष्म टोकाने बल मोजणारा सूक्ष्मदर्शक) बायोटिन हे जीवनसत्त्व आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रोटीन यांच्यातला बंध तोडायला लागणारं बल मोजतोय. कँटिलिव्हर (टोक धरणारी लवचिक पट्टी) ०.०६ न्यूटन प्रति मीटरचा, टोकाला पेग या पॉलिमरचा धागा, ओढण्याचा वेग सेकंदाला १००० नॅनोमीटर, तुटण्याजवळ बल-अंतर वक्राचा उतार ९ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर. काल सरासरी १४० पिकोन्यूटन आली, आज ९०. आजपासून शेजारी १४४० आरपीएमचा पंप सुरू झालाय. टोक आणि काचेमधलं अंतर त्याने ±१ नॅनोमीटर हलतं. पुढे-मागे होणारी थरथर सरासरीत पुसली जायला हवी ना?

उत्तर १:
नाही पुसली जात. बेल या शास्त्रज्ञाच्या १९७८च्या सूत्रानुसार तुटण्याचा दर बलाबरोबर घातांकी वाढतो. त्यामुळे पुढच्या झोक्यात दर जेवढा वाढतो, तेवढा मागच्या झोक्यात घटत नाही. तुमचा १ नॅनोमीटर म्हणजे ±९ पिकोन्यूटन. बंध तुटेपर्यंत ताणला जाण्याचं अंतर ०.५ नॅनोमीटर आणि खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर धरली, तर जलद कंपनात सरासरी दर १.३ पट होतो. मोजलेलं बल मात्र त्याने २-३ पिकोन्यूटनच उतरतं. ५० उतरणार नाही.

उत्तर २:
शिवाय हे कंपन जलद नाहीच. १४४० आरपीएम म्हणजे २४ हर्ट्झ, एक फेरा ४२ मिलिसेकंदांचा. तुमचा शेवटचा ५० पिकोन्यूटनचा चढ ६ मिलिसेकंदांत संपतो. इथे कंपन फक्त ओढण्याचा वेग कमी-जास्त करतं: जास्तीत जास्त सेकंदाला १५० नॅनोमीटर, म्हणजे १५ टक्के. १०० नॅनोमीटर वेगाने ओढत असता तर मात्र टोक मध्येच मागे फिरलं असतं आणि बलाचा चढ वरखाली झाला असता. हळू मोजमापं घ्यायची असतील तर पंप बंदच ठेवा.

खरा संशय कॅलिब्रेशनवर. नॅनोमीटर प्रति व्होल्ट हा आकडा (डिटेक्टरच्या एका व्होल्टमागे कँटिलिव्हर किती वाकला) टोक काचेवर दाबून मिळणाऱ्या उतारावरून काढतात; तो मऊ थरावर घेतला की फुगतो. थर्मल पद्धतीत (कँटिलिव्हरच्या उष्णतेने होणाऱ्या थरथरीवरून) स्प्रिंग स्थिरांक, म्हणजे कँटिलिव्हरचा ताठपणा, त्याच्या वर्गाने घटतो, आणि बल आकडा जितके पट फुगला तितक्या पटीने कमी दिसतं. १४० चे ९० व्हायला आकडा १.५६ पट फुगलेला पुरतो. आज स्थिरांक ०.०२५ च्या आसपास दाखवतोय का?

प्रश्नकर्ता:
०.०२६. नॅनोमीटर प्रति व्होल्टचा उतार प्रोटीन लावलेल्या काचेवर घेतला होता.

उत्तर २:
मग तेच. त्याच बफरमध्ये (मोजमापाच्या द्रावणात) कोऱ्या काचेवर उतार घ्या, पण सगळे वक्र झाल्यावर, शेवटी. आधी टोक काचेवर दाबलं तर त्यावरचे रेणू खरवडले जातात. लेझर मध्ये हलवू नका. आणि कालचे १४० सुद्धा तपासा: दर १०० स्पर्शांत १० पेक्षा जास्त वेळा बंध जुळत असेल तर त्यात दुहेरी बंध मिसळलेत. ३० वेळा जुळत असेल तर एकेरी फक्त ८३ टक्के.