मदत हवी आहे: ओव्हल लीगसाठी ड्रायव्हर कुठून आणू?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत शार्लटला असतो. आयरेसिंग या ऑनलाइन कार-शर्यतीच्या गेमवर स्ट्रीट स्टॉक प्रकारच्या गाड्यांची छोटी ओव्हल लीग चालवतो, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यती. दर शनिवारी रात्री ९ ला शर्यत, म्हणजे सध्या तुमच्याकडे रविवारी सकाळी ६:३० ला. सुरुवातीला २२ गाड्या असायच्या, गेल्या शनिवारी ९ होत्या. लीग बंद पडू द्यायची नाहीये.

आपल्या पोरांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "नुसतं डावीकडे तर वळायचं!" त्यांनी एकदा साउथ बोस्टनला १५ लॅप मारून बघाव्यात. जेमतेम ०.४ मैलांचा ट्रॅक. वळणात जोरात शिरलात की उजवं पुढचं टायर तापतं, गाडी वळायचं नाव घेत नाही, भिंतीकडे सरकत जाते. गॅस घाईने दिला की मागची बाजू सुटते. आणि शेजारी दाराला दार लावून दुसरा. ही मजा रीलमध्ये दिसतच नाही, खूप प्रयत्न केले.

खर्चाचं म्हणाल तर ही गाडी आणि साउथ बोस्टन दोन्ही सभासदत्वातच मिळतात. सेटअप, म्हणजे गाडीची जुळणी, सगळ्यांना एकच. शर्यतीला नॉर्थ विल्क्सबोरो ट्रॅक ठेवला की गाड्या वाढतात. १९९६ नंतर ओस पडलेला तो ट्रॅक २०१९ मध्ये गवत काढून आयरेसिंगसाठी स्कॅन केला आणि २०२३ ला तिथे नासकार या अमेरिकेतल्या खऱ्या गाड्यांच्या मालिकेची ऑल-स्टार शर्यत झाली, हे ऐकूनच लोक येतात. पण टिकत नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्याचा एक मुलगा पहाटे उठून आला होता. तिसऱ्याच लॅपला आमच्या एका जुन्या ड्रायव्हरने त्याला मागून ढकललं. "चालेल दादा, झोपतो परत," एवढंच म्हणाला, पुन्हा दिसला नाही. त्या जुन्याला मी नुसतं समजावलं. पुढच्या शर्यतीत त्याला रांगेत शेवटून सोडायला हवं होतं.

तर आधी जाहिरात वाढवू, की नवख्यांसाठी शुक्रवारी सरावाची रात्र ठेवू? आणि डिस्कॉर्डशिवाय भारतातले सिम रेसर, म्हणजे असे गेम खेळणारे ड्रायव्हर, कुठे भेटतील?

प्रतिसाद: दादा, सराव आधी. तुमचा शुक्रवार म्हणजे आमची शनिवार सकाळ, मला ठाण्याहून जमेल. शेवटून सोडायचा नियम आजच लिहून टाका आणि तो त्या पुण्याच्या मुलाला स्वतः पाठवा.

धागाकर्ता: नियम लिहिला. त्यालाही आत्ताच मेसेज केलाय. तुम्ही या शुक्रवारी याच, शेजारच्या लेनमध्ये मी असेन.