सक्करदरा ते बुटीबोरी रोजचं जाणं-येणं: किती ताकदीची, किती वजनाची बाईक घ्यावी?

सक्करदरा_रोजचा

नमस्कार मंडळी. नवीन बाईक घ्यायची आहे आणि जो तो वेगळं सांगून राहिला आहे, म्हणून इथे विचारतो.

राहायला नागपुरात सक्करदऱ्याला, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. एका बाजूने तीस किलोमीटरच्या आसपास. पहिला टप्पा गावातला, म्हणजे सिग्नल, ऑटो, सिटी बस. वर्धा रोडला लागलं की खापरी, जामठा, डोंगरगाव असा सरळ हायवे आणि सोबतीला ट्रक-ट्रेलर. सध्या बाबांची जुनी १०० सीसी चालवतो. इंजिनात खोट नाही, ॲव्हरेज मस्त. पण जामठ्याच्या पुढे ट्रक ओलांडायला घेतला की निम्म्यात पोचेपर्यंत गाडीचा दम संपतो. मूठ पूर्ण पिळलेली, ट्रक बाजूला तसाच, आणि मागचा हॉर्न वाजवत असतो. तेवढं टळावं एवढंच हवं आहे.

सुटीच्या दिवशी बायको सोबत असते. कधी इतवारीत खरेदी, कधी रामटेक. माझी उंची ५ फूट ५ इंच, वजन ६२. घर जुन्या गल्लीत आहे, रात्री गाडी दोन पायऱ्यांवर लाकडी फळी टाकून आत घ्यावी लागते.

मित्र म्हणतात ३५० शिवाय मजा नाही. ऑफिसमधला एक ४०० घे म्हणून मागे लागला आहे. बाबा म्हणतात शंभराच्या वर कशाला. बजेट पावणेदोन लाखांपर्यंत. मॉडेल सांगा, पण त्याआधी एवढं समजवा की रोजच्याला ताकद किती पुरते आणि वजन किती झेपतं.

गिट्टीखदान

डोळे मिटून १६० घ्या भाऊ.

धरमपेठी

वरचं उत्तर बरोबर आहे, पण का ते सांगतो.

ताकद दोन कामांना लागते, एक वेग टिकवायला आणि दुसरं वेग वाढवायला. टिकवायची लढाई मुख्यतः हवेशी असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताठ बसलेला एक माणूस, साधी बाईक, सपाट रस्ता आणि वारा पडलेला असं धरलं, तर ढोबळ हिशोबाने ६० च्या वेगाला चाकाशी ३ पीएस (ताकदीचं माप, साधारण हॉर्सपॉवरएवढंच) लागतात, ८० ला ६ च्या थोडं वर, १०० ला ११ ते १२. आता तुमच्यासारखीच १०० सीसीची गाडी म्हणून स्प्लेंडर धरा, तिचं इंजिन ८ पीएसचं, त्यातली थोडी ताकद गिअर आणि चेनमध्येच खर्च होते. म्हणजे ८० ला ती जवळपास सगळी ताकद लावून पळते आणि ओलांडायला शिल्लक काही राहत नाही. तुमची गाडी बिघडलेली नाही, तिच्याकडे आहे तेवढं ती देऊन राहिली आहे. गावात ४०-५० ला मात्र तिच्याकडे भरपूर शिल्लक असते, म्हणून तिथे ती चपळ वाटते. बाबांचं म्हणणं गावापुरतं शंभर टक्के खरं आहे.

वेग वाढवायला मात्र वजन आडवं येतं, आणि इथे बहुतेक जण फक्त गाडीचं वजन पाहतात. तुमचं वजन, डबा-बॅग, मागे बसणारं माणूस, सगळं ओढायचं इंजिनालाच आहे. तुम्ही एकटे, बॅगेसकट ६७ किलो, असं धरून १०० किलोमागे किती पीएस येतात ते पाहा. स्प्लेंडर (११२ किलो) साडेचार. टीव्हीएस रेडर १२५ (११.४ पीएस, १२३ किलो) सहा. होंडा युनिकॉर्न (१३ पीएस, १४० किलोच्या आसपास) सव्वासहा. अपाची आरटीआर १६० ४व्ही (१७.५ पीएस, १४५ किलोच्या आसपास) सव्वाआठ. रॉयल एनफिल्डची हंटर ३५० (२०.२ पीएस, १८१ किलो) आठच्या किंचित वर.

अपाची आणि हंटर इथे एकाच ओळीत येतात. सीसी दुपटीहून जास्त, पण ते जास्तीचे पीएस जास्तीचं लोखंड ओढण्यात जातात. बायको मागे बसली, म्हणजे दोघं आणि सामान मिळून १३० किलो धरले, तर स्प्लेंडर ३.३ वर येते, रेडर साडेचारवर, अपाची आणि हंटर दोघीही साडेसहाच्या आसपास.

माझं मत स्पष्ट आहे. रोज हायवेवर ८० ने जाऊन ट्रक ओलांडायचे असतील तर एकट्याला १०० किलोमागे सहा पीएस किमान, आठ असले तर निवांत. ४०० सीसीवाल्या ट्रायम्फ स्पीडमध्ये ४० पीएस आणि १७६ किलो आहेत, म्हणजे सोळाच्या वर. ती ताकद वाईट नाही, पण ऑफिसच्या वाटेवर ती वापरायला जागा कुठे आहे? युरोपात नवशिक्याच्या ए-१ लायसन्सला १२५ सीसी, ११ किलोवॅट म्हणजे १५ पीएस, आणि किलोमागे ०.१ किलोवॅट ही मर्यादा आहे. आपल्याकडे गिअरच्या बाईकचं एकच लायसन्स, १८ व्या वर्षी स्प्लेंडरही चालवा आणि हजार सीसीही. ही मर्यादा आपली आपणच घालावी लागते.

सदरचा_मिस्त्री

गणित छान मांडलं धरमपेठी भाऊंनी. पण वजन कागदावर वेगळं आणि हातात वेगळं. गॅरेजमध्ये रोज सगळ्या प्रकारच्या गाड्या ढकलतो, त्यावरून सांगतो.

चालत्या गाडीचं वजन कळतच नाही. २० च्या वर गेलं की १८० किलोची गाडीसुद्धा हलकी वाटते. शोरूमची टेस्ट राईड त्याच वेगात होते म्हणून लोक फसतात. वजन कळतं ते तीन ठिकाणी. सीताबर्डीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून आपली मागे ओढताना. सिग्नलला पाय खड्ड्यात पडला आणि गाडी त्या बाजूला कलली तेव्हा. आणि पंक्चर गाडी ढकलत नेताना.

टेस्ट राईडच्या आधी हे करा. गाडी न्यूट्रलला टाका, डावीकडे उभे राहा, दोन्ही हात हँडलवर, कंबर टाकीला टेकवा आणि गाडी सात-आठ पावलं मागे न्या. मग हँडल पूर्ण वळवून परत पुढे आणा. श्वास लागला नाही आणि गाडी एकदाही पलीकडे झुकली नाही तर ती तुमच्या अंगाची. डबल स्टँड असेल तर लावून पाहा. पायाने दाबायचं, हाताने उचलायचं नाही. सगळं वजन स्टँडच्या खुरावर दिलं की १४०-१५० किलोची गाडी आपसूक चढते. उचलावी लागत असेल तर ती जड आहे किंवा तिचा तोल वर आहे. आणि पाहून घ्या, बऱ्याच नव्या गाड्यांना डबल स्टँडच येत नाही.

तोल वर असणं हा खरा मुद्दा आहे. उंच सीट, मोठी टाकी, अशा १५५ किलोच्या गाडीपेक्षा बुटकी १७० ची कधी कधी सोपी वाटते. पेट्रोल लिटरमागे पाऊण किलो भरतं, १३ लिटरची टाकी फुल केली की दहा किलो सगळ्यात वर येऊन बसतात. ५ फूट ५ ला ७८०-८०० मिलीमीटरच्या सीटवर दोन्ही चवडे टेकतात. ८२५ ला एकच पाय नीट टेकतो, आणि तोही रस्ता सपाट असेल तर. आपले सिमेंट रस्ते कडेला कसे उंच-खाली आहेत तुम्ही पाहताच.

तुमच्या फळीचं सांगतो. इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर, बाजूने चालत वर घ्या. १५० किलोपर्यंत एकट्याने होतं. १८० च्या वर फळी वाकते आणि आपणही. रोज रात्री, पावसात, थकून आल्यावर. ३५० साठी मी तुम्हाला त्या एका कारणाने नाही म्हणेन.

मनीषनगर_३५०

मिस्त्री काकांचा अनुभव मोठा, तरी ३५० ची बाजू मांडते. माझी उंची ५ फूट ३, मी रोज मनीषनगर ते हिंगणा ३५० वर जाते. ते १८० किलो मला आवडतात. हायवेवर ट्रक बाजूने गेला की त्याच्या हवेच्या झोताने १०० सीसी डगमगते, ही हलत नाही. शिवाय ताकदीपेक्षा टॉर्कने, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराने, जास्त फरक पडतो. क्लासिक-हंटरचं २७ एनएम (टॉर्कचं माप) ४ हजार आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ४ हजार फेऱ्यांनाच, मिळतं, अपाचीचं १४.७ एनएम ७ हजारांच्या पुढे. म्हणजे ट्रक ओलांडताना मला गिअर पाडावा लागत नाही, नुसती मूठ पिळली की झालं.

पण माझं पार्किंग तळमजल्यावर आहे, सपाट आणि मोकळं. गाडी मागे ओढायची वेळ क्वचित येते. तुमच्या गल्लीत मी हीच गाडी घेतली असती असं म्हणवत नाही. आणि इतवारीत नेऊ नका. गर्दीत पावलापावलाने जाताना क्लच दाबून डावं मनगट भरून येतं.

उन्हाचंही लक्षात घ्या. मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभं राहिलं की तोंडाला दुपट्टा असतो, पण पिंढरीला इंजिनाची धग थेट लागते. मोठं इंजिन, मोठी धग. लिक्विड कूलिंगवाल्या गाडीचा पंखा सुरू झाला तर गरम वारा गुडघ्यावर येतो, ते वेगळंच.

धरमपेठी

ताई, टॉर्कचं खरं आहे, गिअर न पाडता निघते हा मोठा आराम आहे. फक्त ओलांडायला किती सेकंद लागले हे शेवटी ताकद आणि वजनच ठरवतं. अपाचीवाल्याने चौथा गिअर टाकला तर तोही तेवढ्याच वेळात पुढे जातो, आवाज जास्त होतो इतकंच.

उन्हाचा मुद्दा निघाला म्हणून. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्के विरळ असते, इंजिनाची ताकद त्या प्रमाणात उतरते. हवेचा विरोधही तेवढाच कमी होतो, म्हणून टॉप स्पीडला फरक जाणवत नाही, पिकअपला जाणवतो. ८ पीएसच्या गाडीत तो अर्धा पीएससुद्धा महत्त्वाचा असतो.

बेसा_बजेट

पैशाचं कोणी बोललं नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के, म्हणून ४०० वाली तिथेच महाग पडते. थर्ड पार्टी विम्याचे गटही १५० आणि ३५० सीसीवर बदलतात. १६० घेतली की ती १५० च्या वरच्या गटात जाते, १२५ खालच्या गटात राहते. दुसरं, २०१९ च्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्या नियमात १२५ आणि त्याखाली सीबीएसवर (एका ब्रेकने दोन्ही चाकं आवरणारी सोय) भागत होतं. पावसाळ्यात वर्धा रोडवर ८० ने जाणाऱ्याने एबीएसशिवाय गाडी घेऊ नये, मग ती कितीही हलकी असो.

सक्करदरा_रोजचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हंटर, अपाची आणि युनिकॉर्न तिन्ही पाहून आलो. मिस्त्री काकांनी सांगितलं तसं आधी मागे ओढून पाहिल्या. हंटर मागे नेताना जमली, पण हँडल वळवून पुढे आणताना तिने मला एका बाजूला खेचलं, सेल्समनने हात लावला. अपाची आणि युनिकॉर्न दोन्ही आरामात. बायको मागे बसून दोन्हीवर फिरली. तिला युनिकॉर्नची लांब सपाट सीट आवडली, अपाचीवर ब्रेक मारला की ती पुढे सरकते म्हणाली.

आता या दोघींत अडकलो आहे. १७.५ आणि १३ हा फरक मला रोज जाणवेल का?

सदरचा_मिस्त्री

गावात नाही जाणवणार. युनिकॉर्नचा टॉर्क ५ हजारांच्या आसपास येतो, गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर छान ओढते, क्लचला त्रास नाही. अपाचीचं इंजिन वर फिरवलं की खुलतं.

धरमपेठी

आणि हायवेवर जाणवेल. ८० ला दोघींनाही ६ च्या वर लागतातच. मग युनिकॉर्नकडे शिल्लक सहा-साडेसहा, अपाचीकडे दहा-अकरा. तुमच्या १०० सीसीकडे एक-दीड होते, त्यामुळे युनिकॉर्नसुद्धा तुम्हाला चौपट मोकळी वाटेल. पाचही दिवस एकटे जाणार असाल तर अपाची. बायकोसोबत रामटेकच्या फेऱ्या जास्त होणार असतील तर सीट तिला पटलेली घ्या, युनिकॉर्न ते काम करते. शक्य असेल तर अपाची दोघांनी मिळून खापरीपर्यंत नेऊन आणा आणि एकदा ७० वरून नीट ब्रेक मारून पाहा. शोरूमच्या गल्लीतल्या फेरीत सीटचा अंदाज येत नाही.

सक्करदरा_रोजचा

रविवारी सकाळी खापरीपर्यंतची राईड देतो म्हणाले आहेत. दोघं जातो. बुकिंग त्यानंतरच.