पॉलिसिस्टिक घरातल्या मुलांची जनुकीय चाचणी: घाई कुणाला आहे?

कोयनाकाठ
अमोघ_के यांचं परवाचं लिखाण वाचलं आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर. त्यांचं म्हणणं असं: आईबापांपैकी एकाला पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी, किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जाण्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर मूल तेरा-चौदाचं झालं की जनुकीय चाचणी करून मोकळं व्हावं, जे करत नाहीत ते स्वतःच्या मुलांचे गुन्हेगार.

माझे सासरे डायलिसिसवर गेले. नवऱ्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, चाळिशीतच दोनच्या वर. मुलगा सोळाचा, मुलगी तेराची. मुलाला आजार येण्याची शक्यता पन्नास टक्के म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नाही, मी रोज रात्री त्या आकड्याशेजारी झोपते. माझा प्रश्न एकच: आज कळून मुलांच्या औषधपाण्यात काय बदलणार? आजाराचा वेग कमी करणारं टॉल्व्हाप्टान हे औषध या वयात मंजूर नाही. मीठ कमी, पाणी भरपूर, डोकं दुखलं म्हणून मनानं गोळी नाही, वर्षातून एकदा बीपी. हे दोघांचंही आधीपासून चालू आहे. २०१९ साली मुलांच्या किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानंही हेच सांगितलं: बीपी पाहत राहा, आणि चाचणी करायची की नाही हे पालकांशी आणि समज आलेल्या मुलाशी बोलून ठरवा. 'गुन्हेगार' हा शब्द त्यात कुठेच नाही.

मुलगा एनडीएची तयारी करतोय. पहाटे टेकडी चढून येतो. त्याच्या हातात रिपोर्ट ठेवून मी त्याला काय सांगू?

अमोघ_के
गुन्हेगार म्हटलं, आणि मागे घेत नाही. मला स्वतःला बत्तिसाव्या वर्षी कळलं, तेही ऑफिसच्या तपासणीत बीपी १६०/११० निघालं म्हणून. वडिलांना आजार होता, पण घरात 'लग्न होईपर्यंत नको' असं ठरलेलं. ते बीपी किती वर्षं तसंच होतं कुणास ठाऊक. माझी मुलगी पंधराची आहे. तिची चाचणी केली, पॉझिटिव्ह आली, आज तिला सगळं माहीत आहे.

आणि ताई, एनडीएच्या मेडिकलमध्ये पोटाची सोनोग्राफी असते. लेखी परीक्षा, एसएसबीची मुलाखत, सगळं पार करून शेवटच्या टेबलावर एका परक्या माणसाच्या तोंडून त्यानं ऐकायचं का? तुम्ही त्याला वाचवत नाही आहात, तुम्ही स्वतःला वाचवता आहात.

कोयनाकाठ
शेवटचं वाक्य लिहायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

रेसिडेंट७
थोडं थांबा दोघंही. मी किडनीच्याच वॉर्डात काम करतो.

एक, बाजारातल्या स्वस्त पॅनेलवर (अनेक जनुकं एकदम बघणाऱ्या तपासणीवर) मुलाची चाचणी आधी करूच नका. ज्याच्या बिघाडानं हा आजार बहुतेकदा होतो त्या पीकेडी१ जनुकाच्या सहा जवळजवळ सारख्या नकला त्याच गुणसूत्रावर आहेत, साध्या पद्धतीत वाचन चुकू शकतं. आधी आजारी आईची किंवा वडिलांची चाचणी, त्यांच्यातला नेमका बदल सापडला तरच मुलात तो शोधायचा. साधारण दहातल्या एका कुटुंबात काहीच सापडत नाही. अशा घरात मुलाचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट म्हणजे शून्य माहिती, आणि लोक तो देव्हाऱ्यात ठेवतात.

दोन, बीपी. पीकेडी असलेल्या मुलांत पाचातल्या एकाला बीपी निघतं. २०१४ च्या हॉल्ट-पीकेडी अभ्यासात १५ ते ४९ वयाचे रुग्ण होते. बीपी ११०/७५ च्या खाली ठेवल्यावर किडन्या फुगण्याचा वेग कमी झाला. म्हणजे उपयोग आहे, पण तो बीपीच्या पट्ट्याचा. पट्टा बांधायला जनुक लागत नाही.

मात्र हेच घर अल्पोर्टचं, म्हणजे किडनीच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचं असतं, तर मी अमोघच्या बाजूनं याहून कडक लिहिलं असतं. तिथे रॅमिप्रिल हे किडनी जपणारं बीपीचं औषध जितक्या लवकर सुरू कराल तितकी वर्षं पदरात पडतात, विशेषतः मुलग्यांत. 'किडनीची जनुकीय चाचणी' असं एकच गाठोडं बांधू नका.

अमोघ_के
आमच्याकडे आधी माझीच चाचणी केली होती. नेमका बदल माहीत आहे. तेव्हा पहिला मुद्दा मला लागू नाही. दुसऱ्याबद्दल विचारतो: 'असू शकतं' म्हणून किती मुलं नियमानं पट्टा बांधून घेतात? माझी मुलगी आता स्वतः वहीत नोंद ठेवते. रिपोर्टाआधी ती माझ्यावर ओरडायची.

निळी_सायकल
मी एकवीस वर्षांचा आहे, आणि या धाग्यात ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो मुलगा मी आहे.

मी दहावीत असताना रक्त घेतलं. सांगितलं, हिमोग्लोबिन बघायचंय. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तो आईबाबांनी ठेवून घेतला. नंतर एकदम फुटबॉल बंद, मेसचं जेवण बंद, सहलीला पाठवायचं नाही. कारण विचारलं की आई रडायची. मला अकरावीत मावसभावाकडून कळलं, त्यालाही माहीत होतं. माझ्या रक्ताची गोष्ट आख्ख्या नात्यात फिरून शेवटी माझ्याकडे आली.

आजार आहे म्हणून मी रागावलो नाही. मला फसवून रक्त घेतलं याचा राग आहे. अमोघकाका, तुमच्या मुलीला आधी विचारलंत का? 'आज तिला सगळं माहीत आहे' एवढंच लिहिलंय तुम्ही.

अमोघ_के
सांगितलं होतं. विचारलं असं म्हणता येणार नाही. पंधराव्या वर्षी मूल 'नाही' म्हणालं असतं तर काय, तो निर्णय बापाचाच आहे. लस देताना विचारतो का?

निळी_सायकल
लस दिली की आजार टळतो. इथे काय टळलं?

वऱ्हाडी_माय
तुम्ही सारे बीपी न् जनुकं मोजा बाप्पा, मला दुसरंच दिसते. मी आमच्या जावेच्या घरातलं पाहिलं. दिराला पॉलिसिस्टिक, किडनी द्यायची वेळ आली. लेक एकोणिसाची, लेक म्हणजे मुलगी, तिची लगबगीनं सोनोग्राफी, लगबगीनं ते जनुकाचं रक्त. चोवीस वर्षांचा भाऊ घरातच होता, त्याचं नाव कुणी काढलं नाही, 'त्याचं करिअर आहे'. म्हणून कुणी पंधरा वर्षांच्या पोरीची चाचणी 'तिच्या भल्यासाठी' म्हटलं की माझ्या पोटात कालवते. आजार शोधून राहिले का दाता?

आणि हे एका घरचं नाही. नोट्टोचेच, म्हंजे सरकारच्या अवयव प्रत्यारोपण संस्थेचेच, आकडे आहेत: १९९५ ते २०२१ मध्ये देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली, त्यात बायकांना मिळाली फक्त ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त.

रेसिडेंट७
आकडा खरा आहे, आणि तो वॉर्डात डोळ्यांना दिसतो. बेडवर नवरा, बाकावर बायको, फाइलमध्ये आईचे रिपोर्ट. पण विषय मिसळू नका. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, अठराच्या आतल्या मुलाची किडनी घेता येत नाही. आणि पीकेडी घरातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या दात्याची जनुकीय चाचणी करणं हेच योग्य आहे. त्या वयात स्वच्छ सोनोग्राफीवर विसंबता येत नाही, बिघाड पीकेडी२ या दुसऱ्या जनुकात असेल तर सिस्ट, म्हणजे गाठी, उशिरा दिसतात. ती चाचणी त्या मुलीलाच वाचवते.

वऱ्हाडी_माय
वाचवते, मान्य. पण निगेटिव्ह आली की पोरगी अडकते ना! रिपोर्टाआधी तिला 'मलाही असेल' म्हणून सुटता तरी येत होतं. आता सारं घर तिच्या तोंडाकडे पाहते. अठरा पूर्ण व्हायची वाट पाहत बसलेला बाप तुम्ही पाहिला नसन, मी पाह्यला.

अमोघ_के
हे माझ्याकडे बोट दाखवून चाललंय का? मी मुलीची किडनी घेणार नाही. पॉझिटिव्ह असल्यामुळे ती देऊही शकत नाही. माझ्या बायकोनंही देऊ नये असं माझं मत आहे, मी मृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीत नाव घालणार आहे. कृपया आपल्या जावेच्या घरची रड इथे आणू नका.

वऱ्हाडी_माय
रड? पोरीला आता पोटावर टाका आहे न् सासरचे त्यावरून बोलतात, त्याला रड म्हणता? शब्द सांभाळा.

कोयनाकाठ
वऱ्हाडी_माय, तुमचं पटतंय, पण माझ्या धाग्यात मुलांची गोष्ट राहून गेली. शिवाय लग्नाचं आहेच. चाचणीचा कागद घरात असला की तो कधीतरी बाहेर पडतो. तेरा वर्षांच्या मुलीच्या नावावर तो कागद मला नको. विम्याचंही तसंच. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं जनुकीय आजार म्हणून दावा नाकारणं भेदभाव ठरवलं, ठीक आहे. पण फॉर्मवर विचारलं तर खोटं लिहायचं का?

रेसिडेंट७
खोटं लिहू नका, दावा त्यावरच अडतो. पॉलिसी मुलांच्या नावानं आजच घ्या, कौटुंबिक इतिहास लिहून घ्या, प्रतीक्षाकाळ आत्ताच सुरू होऊ दे. लग्नाबद्दल मी डॉक्टर म्हणून एवढंच सांगेन की लपवलेलं पीकेडी पहिल्या बाळंतपणात बीपी होऊन बाहेर येऊ शकतं, आणि तेव्हा फार महाग पडतं.

निळी_सायकल
कोयनाकाकू, तुमच्या मुलाला घरात आजार आहे हे माहीत आहे का? 'त्यालाही असू शकतो' हे त्याला शब्दांत सांगितलंय का कुणी?

कोयनाकाठ
आजोबांचं डायलिसिस त्यानं पाहिलंय. बाबांच्या गोळ्या पाहतो. बसून असं बोलणं झालेलं नाही.

निळी_सायकल
मग चाचणी नको म्हणताय तोही निर्णय तुम्ही त्याच्या पाठीमागेच घेताय. माझ्या आईबाबांनी विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. सोळाव्या वर्षी एवढं कळतं. एनडीएची तयारी करायची की बरोबर दुसरी एखादी वाटही धरायची, हे त्याला ठरवू द्या ना.

अमोघ_के
हेच मी सांगत होतो.

निळी_सायकल
नाही. तुम्ही सांगत होतात की बापानं ठरवावं.

कोयनाकाठ
बारावीची परीक्षा संपली की बोलेन त्याच्याशी. रेसिडेंट७ म्हणतात तसं आधी नवऱ्याचं रक्त देऊ, आमच्याकडे ते झालेलंच नाही. पुढचं मुलगा ठरवेल. मुलीचं अठराच्या आत मी करणार नाही, यावर मात्र कितीही लिहा. आणि अमोघ, 'गुन्हेगार' हा शब्द तुम्ही अजून काढलेला नाही.

अमोघ_के
जे पालक मुलाशी बोलतच नाहीत त्यांच्यापुरता तो ठेवतो. तुम्ही बोलणार असाल तर तुम्हाला लागू नाही.

वऱ्हाडी_माय
आणि मुलाशी बोलाल तेव्हा हेही विचारून ठेवा: पोरगा निगेटिव्ह निघाला न् बापाला किडनी लागली, तर आधी रक्त कुणाचं तपासाल? त्याचं, का अठराची झालेल्या बहिणीचं?