मदत हवी आहे: जुन्या डायनिंग कारची गंजलेली जमीन

मंडळी, इथे इलिनॉयमध्ये एका छोट्या रेल्वे संग्रहालयात आम्ही चौघे स्वयंसेवक 1920 च्या दशकातली पोलादी डायनिंग कार (रेल्वेचा जेवणाचा डबा) दुरुस्त करतोय (दोन्ही टोकांना सहा-सहा चाकं असलेली, वजनदार). जेवणाचा भाग बरा आहे, लाकडाला नुसता पॉलिशचा हात लागेल. रड आहे ती स्वयंपाकघराची. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खाली पन्हळी पत्रा आणि वर काँक्रीट. बर्फाच्या कपाटाचं पाणी वर्षानुवर्षं त्यात मुरलंय. कपाटाखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवला की पत्र्यातून आरपार जातो, गंजाचे पापुद्रे हातात येतात.

छताची गळती थांबवली. खालून गंज खरवडून प्रायमर मारला, तर एका हिवाळ्यात पुन्हा फुगला. ॲस्बेस्टॉस परवानाधारकांकडून काढून झालंय. रंगात शिसं आहे, तापवलं की विषारी धूर होतो, म्हणून गॅस कटर नको. गाडी मेनलाइनवर जाणार नाही, पण आवारात इंजिनाने हलवावी लागते.

काँक्रीट सगळं काढून मरीन प्लायवूड टाकलं तर वजन घटून स्प्रिंगा वर येतील. कपलर (डबे जोडणारा आकडा) आत्ताच रुळापासून साडेतेहतीस इंचांवर आहे आणि 34.5 च्या वर चालत नाही. मग पूर्ण जमीन काढावी, की सडलेला तेवढाच तुकडा कापून पुन्हा काँक्रीटच ओतावं? कुणी प्रत्यक्ष केलंय का?